मदत हवी आहे: काळा आजारावर दोन औषधे एकत्र तपासताना

नमस्कार मंडळी,

काळा आजार घडवणाऱ्या लीशमॅनिया डोनोव्हानी या परजीवीवर मिल्टेफोसिन आणि पॅरोमोमायसिन एकत्र देऊन प्रयोगशाळेत तपासते आहे. मुक्त प्रोमॅस्टिगोटवर (परजीवीचे वाळूमाशीत आढळणारे रूप) दोन्ही औषधे एकमेकांना चांगली साथ देतात, पण मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशीच्या) आत दडलेल्या अमॅस्टिगोटवर (परजीवीचे पेशीतले रूप) परिणाम फक्त बेरजेइतकाच दिसतो. रुग्णाच्या शरीरात आजार अमॅस्टिगोटच घडवतात, म्हणून माझा कल दुसऱ्या निकालाकडे आहे. हे बरोबर आहे का?

दुसरे म्हणजे, मिल्टेफोसिनचे अर्धायुष्य सुमारे आठवडाभर, तर पॅरोमोमायसिन काही तासांतच शरीराबाहेर पडते. मग स्थिर प्रमाणातल्या मिश्रणांवरून काढलेला एफआयसी निर्देशांक (दोन औषधे एकमेकांना किती साथ देतात हे सांगणारा आकडा) कितपत ग्राह्य धरायचा? हॅमस्टरमधल्या चाचणीसाठी मात्रा कशा ठरवता?

निव्वळ बेरीज मिळाली म्हणून ही जोडी सोडून द्यावी, असे मला अजिबात वाटत नाही. एकट्या मिल्टेफोसिनला २८ दिवस लागतात. भारतातल्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच जोडीने १० दिवसांत अॅम्फोटेरिसिन बी या तेव्हाच्या प्रचलित औषधाच्या तोडीस तोड गुण दिला. शिवाय परजीवीचा औषधप्रतिकार लांबणीवर पडतो, ही आशा मोठी आहे.

मॅक्रोफेजवर होणारी विषबाधा वेगळी कशी मोजता, तेही कृपया सविस्तर सांगा. माझे सगळे आकडे तिथेच अडकले आहेत.