किल बिलमधला कृष्णधवल तुकडा आणि बर्फातली लढाई

‘किल बिल’ या सूडपटातली शेवटाकडची मोठी मारामारी मध्येच कृष्णधवल होते तो निव्वळ दिखाऊपणा आहे, असं इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. पटलं नाही. २००३ च्या या पहिल्या भागात एवढं रक्त सांडतं, की अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र (१७ वर्षांखालच्यांना सोबत मोठं माणूस लागतं ते) मिळावं म्हणून तो तुकडा कृष्णधवल केला गेला. जपानी आवृत्तीत तोच प्रसंग पूर्ण रंगीत आहे. पण गरजेपोटी केलेली गोष्टसुद्धा किती देखणी वापरलीय बघा! नायिका पापणी मिटून उघडते आणि रंग परत येतात, मग दिवे जाऊन निळ्या पडद्यासमोर नुसत्या सावल्या लढतात.

मला जास्त भावते ती त्यानंतरची बर्फातली लढाई, तिच्याबद्दल इथे कुणीच बोललं नाहीये. माझी कॉलेजातली भाची इथेच, ठाण्यात, कराटे शिकते. तिच्यासोबत परत पाहिला तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, तलवारीकडे नको, पायांकडे बघ.’ खरंच, वार मोजकेच आहेत, जास्त वेळ नायिका आणि तिची प्रतिस्पर्धी दोघी फक्त अंतर जोखत असतात. संगीत थांबतं आणि पाणी भरून कलंडणाऱ्या बांबूचा ‘टक्’ तेवढा ऐकू येतो. लढाई संपल्यावर लागणारं जपानी गाणं अभिनेत्री-गायिका मेइको काजीचं आहे, १९७३ च्या ‘लेडी स्नोब्लड’ या जपानी चित्रपटातलं. तोही एका बाईच्या सूडाचाच चित्रपट, नायिका काजी स्वतः. ज्यांना किल बिल नुसताच भडक वाटला त्यांनी ‘लेडी स्नोब्लड’ आवर्जून पाहावा.