निवड चाचणीला सहा महिने आहेत: ओझं, नडगी, पाणी आणि डोकं

पहाटवारा (प्रश्न)
विशेष दलाच्या निवडीसाठी तयारी चालू आहे, हातात सहा महिने आहेत. वय 24, वजन 68 किलो. 2.4 किमी धाव 10 मिनिटं 20 सेकंदात होते, पुलअप्स 9, पोहणं 400 मीटर न थांबता. पाठीवर 20 किलोची सॅक घेऊन आठवड्यातून चार वेळा पळतो. तीन आठवड्यांपासून उजवी नडगी दुखते आहे, पण पळून अंग गरम झाल्यावर कमी होते. पाण्याखाली गेलं की छाती आवळते. आणि मनाची तयारी म्हणजे नेमकं काय करायचं? रोज थंड पाण्याने आंघोळ आणि आठवड्यातून एक रात्र जागरण, एवढं सध्या करतो.

खडतर_वाट
पहिलं काम म्हणजे ओझं घेऊन पळणं आजपासून बंद. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, हाडाला महिने लागतात. त्यामुळे फुप्फुसं ‘चल अजून’ म्हणत असतात आणि नडगीच्या हाडात मात्र बारीक चीर पडत असते. निवडीतून बाहेर पडणाऱ्यांपैकी बरेच जण आतल्या चाचणीने नाही, घरून आणलेल्या दुखापतीने बाहेर पडतात.

नडगी बोटाने दाबून बघा. दुखणं हाडाच्या आतल्या कडेने चार-पाच बोटं लांब पसरलेलं असेल तर बहुतेक वेळा ताण कमी केला की निवळतं. एकाच नाण्याएवढ्या जागी टोचत असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर डॉक्टर गाठा. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नका. शंका राहिली तर एमआरआय लागतो. वेदनाशामक गोळी खाऊन सराव अजिबात नको.

नडगी शांत झाल्यावर ओझ्याचा सराव आठवड्यातून एकदाच, फार तर दोनदा, आणि फक्त चालत. सुरुवात 10 किलो आणि 5 किमी. नंतर एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: या आठवड्यात अंतर, पुढच्या वेळी 2 किलो. दर चौथ्या आठवड्यात दोन्ही कमी. तुमच्या वजनाला 22-23 किलो, म्हणजे अंगाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं ओझं, चौथ्या-पाचव्या महिन्यात येऊ दे. वेग किमीला 10 मिनिटं पुरे. वेग हवा असेल तर पावलं छोटी आणि जलद टाका. ढांगा लांबवल्या की प्रत्येक पावलाचा मार नडगीवर आणि ओटीपोटाच्या हाडांवर बसतो.

सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये. तळाशी जड भरलं की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि कंबर धरते. वजन म्हणून वाळूपेक्षा काठोकाठ भरलेल्या पाण्याच्या बाटल्या बऱ्या: गुडघा कुरकुरायला लागला तर उतारापूर्वी ओतून टाकता येतात. (वाळूही ओतता येते म्हणा, पण मनुष्य ओतत नाही.)

बिनओझ्याची धाव: बहुतेक धावणं बोलता येईल इतकं सावकाश. आठवड्यातून एकदा 400 मीटरच्या 6 फेऱ्या, प्रत्येकी 95 सेकंदात, मध्ये 2 मिनिटं विश्रांती. तुमचा आत्ताचा वेग फेरीला साधारण 103 सेकंद पडतो. 95 टिकवता आला की 2.4 किमी साडेनऊ मिनिटांत बसते.

मलमपट्टी
वरच्याला जोड. पुलअप्स रोज हात सुटेपर्यंत मारू नका. 9 कमाल असेल तर 4-5 चे सहा संच, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ करून. महिन्याने पुन्हा कमाल मोजा. एकाच दिवशी शेकड्यांनी मारायचं खूळ धोक्याचं: स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी दिसली तर थेट रुग्णालय.

पाय हा विषय लोक हसण्यावारी नेतात. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून मापायचे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नखं सरळ कापा, कोपरे खोल नको. चालताना एखादी जागा ‘गरम’ वाटली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची. पुढच्या थांब्यापर्यंत फोड तयार होतो, आणि फोड वाचवायला चाल बदलली की गुडघा जातो.

जलचर
पाण्याखालची गोष्ट एकट्याने कधीच नाही, कमरेएवढ्या पाण्यातही नाही. काठावर फक्त तुमच्याकडेच बघणारा माणूस हवा. आणि बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नका. श्वासाची ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते, ऑक्सिजन घटल्याने नाही. भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, ओढ उशिरा लागते, आणि तोवर ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. काही कळतच नाही, म्हणून चांगले पोहणारेही असे जातात.

छाती आवळते कारण तुम्ही श्वास कोंडून धरता. चेहरा पाण्यात घालून नाकाने बारीक बुडबुडे सोडत राहा, दहा-दहा वेळा. मग गॉगलशिवाय. मग नाकात पाणी शिरू द्या आणि घाई न करता वर या. हात न वापरता जागेवर तरंगणं 5 मिनिटांपर्यंत न्या. अंतराचा अंदाज हवा असेल तर अमेरिकी नौदलाच्या सील या विशेष दलाच्या उमेदवारांना प्राथमिक चाचणीत 500 यार्ड, म्हणजे सुमारे 457 मीटर, साडेबारा मिनिटांत किमान पोहावं लागतं. किमान वेळेवर समाधान मानणारे पुढे फारसे टिकत नाहीत.

शांतडोकं
जागरण बंद करा. झोप मोडायची सवय लागत नाही, फक्त सराव अंगी लागायचा थांबतो. सीलच्या प्रशिक्षणातल्या सगळ्यात खडतर आठवड्यात, ‘हेल वीक’मध्ये, साडेपाच दिवसांत मिळून चारेक तास झोप मिळते, त्यासाठी आधीचे आठवडे भरपूर झोपून जाणं हीच तयारी. थंड आंघोळीने थंड आंघोळीची सवय होते, बाकी फारसं नाही.

खरा त्रास अनिश्चिततेचा असतो. एसएएस या ब्रिटिश विशेष दलाच्या निवडीत प्रशिक्षक ना शाबासकी देतात ना ओरडतात. किती उरलं, आपण कसे चाललोय, काही कळत नाही. याचा सराव करता येतो: घड्याळ आणि गाणी घरी ठेवून चाला, शेवट कुठे ते मित्राला ठरवू दे, आणि त्याने ‘झालं’ म्हटल्यावर कधीमधी अजून 2 किमी लावू दे. दमलेलं असताना नकाशावरून दिशा काढणं, सहा आकडे लक्षात ठेवणं, गाठी मारणं, हे करा. थकल्यावर आधी विचार घसरतो, पाय नंतर.

सोडून द्यायचा विचार येणारच. आधीच नियम ठरवा: रात्री, गारठलेलं असताना किंवा उपाशीपोटी हा निर्णय घ्यायचा नाही. पुढच्या जेवणापर्यंतच विचार करायचा. श्वासाचा सराव (4 मोजत आत, 4 थांबा, 4 बाहेर, 4 थांबा) गादीवर नाही, 400 मीटरच्या फेऱ्यांमधल्या विश्रांतीत करा. तिथे जमला तरच उपयोगाचा. पाण्यात मात्र नको, जलचर यांनी सांगितलेलं लक्षात ठेवा.

मलमपट्टी
दुखणं लपवणं म्हणजे कणखरपणा, असं मात्र कोणी समजू नये. जुलै 2013 मध्ये वेल्समधल्या ब्रेकन बीकन्समध्ये एसएएसच्या राखीव दलाच्या निवडीत उष्म्याने तीन उमेदवार गेले. उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस रोज तासभर उन्हात काम लागतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला की चर्चा न करता सॅक उतरवून आधी अंग गार करायचं. उलट टोकही आहे: लिटरच्या लिटर पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम घसरतं. लांब चालीआधी आणि नंतर वजन करा. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय.

पहाटवारा
दाबून बघितलं. घोट्याच्या वर वीतभर अंतरावर एकाच जागी टोचतंय, उडीलाही कळ येते. चाचणीची तारीख पुढे ढकलता येत नाही.

खडतर_वाट
मग उद्याच दाखवा, तोवर धावणं आणि ओझं शून्य. चीर निघाली तर साधारण सहा ते आठ आठवडे जातील, म्हणजे तुमच्याकडे चार महिने उरतात. तेवढ्यात 10 किलोपासून 22 पर्यंत पोचता येतं. या काळात डॉक्टरांनी हो म्हटलं तर पोहणं आणि पुलअप्स चालू ठेवा. पायाने भिंतीला ढकलून वळू नका, दोन पायांत फळी धरून फक्त हातांनी पोहा. पाण्याचं काम तसंही बाकी आहेच.