मदत हवी आहे: पोलिसी फाईल अभिवाचनात कशी वाचायची?

मंडळी, आमचा हौशी गट तासाभराचं अभिवाचन बसवतोय. विषय कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळातला रोमानिया. १९८१ साली बोतोशानी शहरात भिंतींवर खडूने मोठ्या अक्षरांत घोषणा दिसू लागल्या: स्वातंत्र्य हवं, अन्न हवं. लिहिणारा मुगुर कालिनेस्कू, शाळकरी पोरगा, वय १६. गुप्त पोलिसांनी, म्हणजे सेक्युरितातेने, त्याच्यावर फाईल उघडली. पुढे त्याच फाईलच्या आधारे जियानिना कर्बुनारियू यांनी नाटक उभं केलं. ते आम्ही करत नाही, स्वतःची संहिता लिहितोय.

अडलंय ते भाषेवर. फाईलचा कोरडा सूर मराठीत आणताना माझ्या हातून आपोआप पंचनामा उतरतो: 'सदर इसमाने खडूचा तुकडा खिशात ठेवला असल्याचे आढळून आले.' पहिल्या वाचनाला सगळे खो खो हसले! हसू चालेल, पण तिसऱ्या मिनिटाला ते घशात अडकायला हवं. तिथे वाचणाऱ्याने काय करावं? सपाट वाचावं, की कारकुनासारखं पान उलटत, थुंकी लावत?

दुसरं, १९८३ च्या हुकुमाने तिथे टाइपरायटरची पोलिसांकडे नोंद करावी लागे, अक्षरांचा नमुनाही द्यावा लागे. खरा टाइपरायटर मंचावर ठेवायचाय. पुण्यात चालू स्थितीतला कुणाकडे आहे का? मराठी कळफलकाचा असला तरी चालेल, आम्हाला फक्त खडखडाट हवाय.

आणि रोमानियन वाचता येणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा. इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरावर माझा फारसा भरवसा नाही.