मधूनच का घुसत राहिलो?

*घरचा ग्रुप. शनिवार, 30 नोव्हेंबर 2024. अमेरिकन फुटबॉल, ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन*

काका (कोलंबस): संपलं. मिशिगन 13, आपलं ओहायो स्टेट 10. घरच्या मैदानावर. सलग चौथ्यांदा.

काका: छकुली, बाहेर पडलीस का? फोन उचल.

छकुली: बाबा, मी ठीक आहे. आम्ही वरच्या स्टँडमध्ये होतो, आता गेटपाशी आलोय. खाली मारामारी झाली. मिशिगनच्या मुलांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवला आणि आपले धावून गेले. पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. आमच्यापासून लांब होतं सगळं.

आत्या (सांगली): अगं बाई! खोलीवर पोचलीस की लगेच कळव. इथे रात्रीचे अडीच वाजत आलेत, आबा अजून जागे आहेत. व्हिडिओ कॉल बंद झाला तरी फोन हातातच धरून बसलेत.

काकू: छकुली, हातमोजे घातलेस ना? गोठायला होतंय आज.

छकुली: हो गं आई. थंडीचं काही वाटत नाहीये आता. माझ्या शेजारी एक आजी होत्या, साठ-सत्तरच्या. शेवटचा पास पडल्यावर त्या उठल्याच नाहीत. गुडघ्यांवरची लाल शाल नीट घडी केली, पिशवीत ठेवली आणि तशाच बसून राहिल्या.

दादा (अ‍ॅन आर्बर): काका, इथे मिशिगनमध्ये आमच्या गल्लीत सगळे नाचतायत, पण खरं सांगतो, आम्हालाही हे वाटलं नव्हतं. आमची टीम 6-5 होती. तुम्ही देशात दुसऱ्या नंबरवर. कडेचे पास रोखणारा आमचा सगळ्यात चांगला कॉर्नरबॅक विल जॉन्सन दुखापतीमुळे खेळलाच नाही. पास झेलणारा लव्हलंडही नव्हता. आम्ही पासवर अख्ख्या मॅचमध्ये 62 यार्ड काढले, तरी जिंकलो.

काका: तेच तर पोटात खुपतंय रे. तुमचा जॉन्सन बाहेर, म्हणजे कडेची बाजू उघडी. आमच्याकडे जेरेमाया स्मिथ, इमेका एग्बुका, कार्नेल टेट. असे तीन रिसीव्हर, पास झेलणारे, एका टीमला मिळायला नशीब लागतं. आणि आम्ही काय केलं? बॉल घेतला आणि नेऊन मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँटच्या छातीवर आपटला. पुन्हा आपटला. पुन्हा आपटला. बॉल घेऊन 26 वेळा पळालो आणि 77 यार्ड मिळाले. हेंडरसनने 10 वेळा बॉल नेला, 21 यार्ड. स्मिथसारख्या मुलाचे दिवसभरात 35 यार्ड. याला ऑफेन्स म्हणायचं?

आबा: हे ग्रॅहम आणि ग्रँट म्हणजे मधले ते दोन आडदांड?

दादा: हो आबा. डिफेन्सिव्ह टॅकल, मधून घुसणाऱ्याला अडवणारे. दोघांचं वजन मिळून जवळपास तीनशे किलो. आमच्या टीमचं सगळ्यात भक्कम काही असेल तर तेच दोघे.

काकू: मला एक सांगायचंय. दोन फील्ड गोल हुकले, एक 38 यार्डांवरून, एक 34. तेवढे सहा गुण मिळाले असते तर आज कोचच्या नावाने कुणी ब्र काढला नसता. त्या किक मारणाऱ्या मुलाला लोक ऑनलाइन काय काय बोलतायत ते वाचवत नाही. आणि मधून पळायचं म्हणाल, तर पेन स्टेटविरुद्ध काय झालं होतं? शेवटची पाच मिनिटं आपले नुसतं पळत राहिले, त्यांना बॉल मिळूच दिला नाही आणि 20-13 जिंकले. तेव्हा टाळ्या कोण वाजवत होतं? तुम्हीच ना?

काका: मीच. आणि पुन्हा वाजवेन. पण त्या दिवशी सेंटरला सेथ मॅक्लॉफलिन होता. नोव्हेंबरच्या मध्यात सरावात त्याचा टाचेवरचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि त्याचा सीझन संपला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनच्या मॅचमध्ये जॉश सिमन्सचा गुडघा गेला, तो आमच्या पुढच्या ओळीतला डावीकडचा टॅकल. त्याच्या जागी डोनोव्हन जॅक्सनला शेजारच्या गार्डच्या जागेवरून सरकवला. बॉलवाल्याला वाचवणाऱ्या पाच जणांच्या ओळीत दोन गेले आणि तिसरा आपली जागा सोडून खेळतोय. आबा, सेंटर म्हणजे बॉल मागे देतो तो. समोरची फळी कशी उभी आहे हे ओळखून बाकीच्या चौघांना कुणाला अडवायचं ते सांगतो, आणि बॉल दिल्या क्षणी ग्रॅहमसारख्याला अंगावर घेतो. तो जागेवर असताना जो कॉल, म्हणजे कुठली खेळी करायची तो निर्णय, योग्य होता, तो त्याच्याशिवाय योग्य राहत नाही. घरातला मिस्त्री बदलला की भिंत तशीच उभी राहील असं धरून चालता येत नाही.

काकू: हे मात्र पटतं.

छकुली: पोचले. झोपते. उद्या बोलू.

*रविवार, 1 डिसेंबर*

छकुली: रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती. मध्यंतराच्या आधी वेळ कमी उरला होता, तेव्हा आपल्या क्वार्टरबॅकने, हॉवर्डने, पास टाकत टाकत टीम पुढे नेली आणि बॉल शेवटच्या रेषेपार गेला, स्मिथचा टचडाऊन. 10-10. आमचा स्टँड हलत होता, अक्षरशः पायाखाली कळत होतं. म्हणजे घाई होती म्हणून पास टाकले आणि तिथेच गुण मिळाले. मग दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तेच मधून पळणं का? दुसऱ्या हाफमध्ये एकही गुण नाही!

दादा: आमचे लोकही हेच म्हणतायत. तो ड्राइव्ह पाहून आमच्या पोटात गोळा आला होता. मध्यंतरानंतर तुम्ही तसेच खेळत राहाल असं वाटलं होतं.

काका: कारण 2021. माझं मत सांगतो. त्या वर्षी अ‍ॅन आर्बरला मिशिगनने आपल्याला 42-27 हरवलं आणि ते पळून हरवलं. एकट्या हॅसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन केले. तेव्हापासून ओहायो स्टेट मऊ आहे, अंगावर घेता येत नाही, हे ऐकून ऐकून आपल्या मुख्य कोचच्या, रायन डेच्या, मनात ते बसलंय. मग 2022 ला 45-23, 2023 ला 30-24. दरवर्षी मिशिगनची मॅच आली की हा माणूस मॅच जिंकण्याआधी आपण मऊ नाही हे सिद्ध करायला बघतो. बाकी वर्षभर टीम जशी खेळते तशी त्या एका दिवशी खेळत नाही.

दादा: पण काका, कॉल तर ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर चिप केली देतो ना?

काका: देतो. डेने गेल्या वर्षापर्यंत स्वतः कॉल दिले, या वर्षी केलीला आणून ते त्याच्या हातात दिले. केली यूसीएलए विद्यापीठाचं मुख्य कोचपद सोडून आला. डे न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक होता तेव्हा केलीच त्याचा कोऑर्डिनेटर होता, इतकं जुनं नातं. म्हणून मी एकट्या केलीवर राग काढत नाही. कुठला प्ले हे तो सांगतो, पण आज आपण कसे खेळायचे ही दिशा मुख्य कोचची.

आत्या: म्हणजे त्याला काढायचं म्हणताय का तुम्ही?

काका: ऑफिसात अर्धे लोक तेच म्हणतायत. एकूण 66 जिंकल्यात, 10 हरल्यात. त्यातल्या चार मिशिगनशी, आणि 2019 नंतर त्यांच्यावर एकही विजय नाही. लोक दुसरं काही बघायला तयार नाहीत. मला काढा असं म्हणवत नाही. पण मला उत्तर हवंय. वर्षाला दोन कोटी डॉलर लागतात ही टीम उभी करायला, हे आपल्या विद्यापीठाच्याच क्रीडा संचालकांनी सांगितलंय. त्या टीमने 10 गुण करावेत?

काकू: काढा म्हणणं सोपं आहे. त्या माणसाला घर आहे, मुलं आहेत. प्लेऑफ, म्हणजे देशाच्या विजेतेपदाची बाद फेरी, अजून बाकी आहे. या वर्षीपासून बारा टीम आहेत, आपण आत आहोतच. थोडं थांबा.

आत्या: आबांनी व्हॉइस मेसेज केलाय, तुम्हाला नीट ऐकू येणार नाही म्हणून लिहून काढते:

«मी तालुक्याकडून सात वर्षं कबड्डी खेळलो. समोरच्या संघाचा डावा कोपरा दांडगा असला की आमचे वस्ताद म्हणायचे, तिकडं फिरकायचं नाही. उजवीकडनं हात लाव, बोनस घे, परत ये. दोन-तीन चढाया तशा गेल्या की तो डाव्या कोपऱ्यातला गडी आपणहून पुढं सरकतो, अधीर होतो. मग त्याच्या पायाला हात लावायचा. पण एखाद्या पोराला गावच्या माणसांनी भित्रा म्हटलेलं असलं, तर ते मुद्दाम त्याच कोपऱ्यात शिरायचं आणि पकडलं जायचं. मी असली पोरं बघितलीत. ताकद असायची त्यांच्यात. ती कुठं लावायची ते त्या दिवशी सुचत नसायचं.»

काका: आबा, मी काल रात्रभर जे सांगायला धडपडत होतो ते हेच.

दादा: आबा, नमस्कार.

*शनिवार, 21 डिसेंबर (सांगलीत रविवार सकाळ). प्लेऑफची पहिली मॅच, कोलंबसला, टेनेसीशी*

छकुली: बाबा, स्टेडियमभर केशरी रंग आहे! टेनेसीचे इतके लोक आलेत की आपण पाहुणे वाटतोय. आपल्याच लोकांनी तिकिटं विकली. वाईट वाटतंय.

काकू: लोकांचा विश्वास उडालाय, त्याला काय करणार.

काका: पहिला ड्राइव्ह बघ. बाकी मी काही बघणार नाही आज. पहिल्या ड्राइव्हला कुठे जातात ते बघायचंय.

काका: गेला! लांब गेला!

छकुली: स्मिथ!!! 37 यार्ड!!!

आबा: बाजूनं टाकला.

काका: हो आबा. बाजूने.

छकुली: आता जडकिन्सचा टचडाऊन! 14-0.

छकुली: हेंडरसन, 29 यार्ड, कुणी शिवलंसुद्धा नाही!! 21-0!! अजून पहिला क्वार्टरच चाललाय!

काका: बघितलंत का? हाच हेंडरसन तीन आठवड्यांपूर्वी 10 वेळा पळून 21 यार्ड काढत होता. आज लांब पासची धास्ती बसली, टेनेसीची माणसं मागे सरकली, मधे जागा झाली. मी पळू नका असं कधी म्हटलंच नव्हतं.

*दोन तासांनी*

दादा: 42-17. हॉवर्डचे 29 पैकी 24 पास पूर्ण, 311 यार्ड. काका, अभिनंदन. मनापासून. आमच्याविरुद्ध असे खेळला असतात तर आम्ही पहिल्या हाफमध्येच संपलो असतो.

काका: तुझं अभिनंदन पोचलं रे बाळा. पण हे ऐकून जास्तच लागतंय. तीच मुलं, तोच कोच, तोच क्वार्टरबॅक, तीच दुखापत झालेली ओळ. ग्रॅहम-ग्रँटच्या तोडीचे मधे नव्हते हे मान्य. तरी तीन आठवड्यांत कुणी नवीन आणलेलं नाही. मनात आणलं की येत होतं, हे आज दिसलं.

काकू: आणि मी थांबा म्हटलं होतं, ते?

काका: ते बरोबर होतं तुझं. डेचं नाव मी आज घेत नाही. पण 30 नोव्हेंबर मी विसरणार नाही.

छकुली: बाबा, निघताना त्या शालवाल्या आजी दिसल्या! त्याच गेटपाशी. त्यांनी तिकीट विकलं नव्हतं. मी त्यांना मिठी मारली.

आबा: पुढची कुणाशी?

काका: ओरेगॉन. याच ओरेगॉनने ऑक्टोबरमध्ये आपल्याला 32-31 हरवलं होतं. या वर्षी अजून एकही हरलेले नाहीत. रोझ बोल, कॅलिफोर्नियात, 1 जानेवारीला. तुमच्याकडे 2 तारखेची पहाट असेल आबा, साडेतीन.

आत्या: आबा, साडेतीनला काही उठायचं नाही हं. थंडी आहे.

आबा: कॉल लाव. मी जागा असतो.