मुली पुढे, खासगी शाळा पुढे: हा निष्कर्ष लिहायला हात अडतोय

प्रयोगवही:
मी आठवीला विज्ञान शिकवते. शोधप्रबंधासाठी एका सरकारी आणि एका खासगी शाळेत प्रक्रिया कौशल्यांची लेखी चाचणी घेतली: निरीक्षण, मापन, अनुमान, चलांवर नियंत्रण (एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या) वगैरे. खासगी शाळेची सरासरी बरीच वर, मुली मुलग्यांपेक्षा किंचित पुढे. टी-चाचणीत (दोन सरासरींची तुलना करणारी सांख्यिकी चाचणी) दोन्ही फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारे. मार्गदर्शक म्हणतात, लिहून टाका.

पण टेबलापाशी वेगळंच दिसतं. लोलकाच्या प्रयोगात एका मुलाने दोरा बळकावला, दुसऱ्याने स्टॉपवॉच, आणि दोघी मुली पट्टी घेऊन तक्ता आखत बसल्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "बाई, त्यांनी दोरा पण आखूड केला आणि गोळा पण बदलला. मग वेळ कशामुळे कमी झाला ते कसं कळणार?" चलांवर नियंत्रण ते हेच की! पण दोऱ्याला तिचा हातही लागला नव्हता. तिला कौशल्य आहे म्हणू की नाही?

आकडेमोड:
ताई, सार्थक म्हणजे मोठा नव्हे. नमुना मोठा असला की चिमूटभर फरकही सार्थक ठरतो. कोहेनचा डी काढा, म्हणजे सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप); फरक किती मोठा ते त्यातून कळतं. पंधरा वर्षांच्या मुलांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओईसीडी (बहुतांशी विकसित देशांची संघटना) देशांच्या सरासरीत विज्ञानात २०१५ साली मुलगे ४ गुणांनी पुढे होते, २०१८ साली मुली २ गुणांनी. त्या मापाचं प्रमाण विचलन शंभराच्या आसपास! तीन वर्षांत कुणाचे मेंदू बदलत नसतात.
शाळांचंही तसंच. पिसाच्याच २०१५ च्या चाचणीत घरची आणि शाळेची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात धरल्यावर सरासरीत सरकारी शाळांची मुलं पुढे निघाली. पालकांचं शिक्षण नोंदवलंयत का?

खडू_फळा:
मुली मागे का सरकतात, तेही बघा. चेंबर्स यांच्या १९८३ च्या अभ्यासात ४८०७ मुलांनी शास्त्रज्ञाचं चित्र काढलं. स्त्री काढली फक्त २८ जणांनी, आणि त्या सगळ्या मुलीच. माझ्या वर्गात मी दर तासाला कामं फिरवतो. पहिले दोन तास नुसता गोंधळ, सांगून ठेवतो.

प्रयोगवही:
गोंधळ झालाच, सर! काल कामं फिरवली. तक्तावालीने पहिल्यांदा गोळा ढकललाच. "सोडायचा, ढकलायचा नाही" म्हटल्यावर दुसऱ्यांदा अलगद सोडला. आणि दोरेवाल्या पठ्ठ्याने तक्त्यात लिहिलं "वेळ २८". एकक नाही, वीस आंदोलनांनी भागायचंही राहिलं. लेखी चाचणीत हा गडी तिच्या मागे का होता, ते तिथे कळलं.

पालकांचं शिक्षण नोंदवलेलं नाही, आकडेमोड. ते आता पुन्हा विचारत फिरणं आलं. आणि एकेकाची चाचणी टेबलापाशीच घेणार. स्टॉपवॉच दोनच आहेत. मार्गदर्शकांना अजून सांगितलेलं नाही.