मराठी शुद्धलेखन तपासनीस: रिपॉझिटरी एक असावी की पाच, आणि ती कुठे ठेवावी?

शब्दसंग्राहक (प्रश्न)

नमस्कार. आम्ही तिघे जण गेली दोन वर्षे हनस्पेल या मुक्त शुद्धलेखन-तपासणी प्रणालीच्या स्वरूपातील मराठी शब्दयादी तयार करत आहोत. आज या मुक्तस्रोत कामाचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकाची गिट रिपॉझिटरी (फाइली व त्यांतील बदलांचा इतिहास जपणारा साठा) वेगळी आहे: शब्दयादी व प्रत्ययांचे नियम, लिबरऑफिसचे एक्स्टेन्शन (जोडप्रोग्राम), ब्राउझरचे एक्स्टेन्शन (ज्यात वाक्यातून शब्द वेगळे काढणारा कोड आमचा स्वतःचा आहे), संकेतस्थळ, आणि शब्द पडताळण्यासाठी स्कॅन केलेली जुन्या पुस्तकांची पाने. प्रत्ययाचा एखादा नियम बदलला की तीन ठिकाणी तीन बदल करावे लागतात. गेल्या महिन्यात त्यातला एक राहून गेला आणि ‘घराजवळ’सारखे साधे रूपही ब्राउझरमध्ये चूक म्हणून अधोरेखित होऊ लागले.

सध्या सर्व काही गिटहब या रिपॉझिटरी ठेवण्याच्या संकेतस्थळावर, माझ्या वैयक्तिक खात्यावर आहे. एका सहकाऱ्याच्या मते मुक्त प्रकल्प कोडबर्ग या तशाच ना-नफा सेवेवर हलवावा, तर दुसऱ्याला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर फोर्जेयो (अशी सेवा स्वतः चालवण्याचे सॉफ्टवेअर) बसवायचे आहे. आम्हाला शब्द सुचवणारे बहुतेक जण निवृत्त शिक्षक असून ते ई-मेलने कळवतात. गिटशी त्यांचा संबंध नाही. या परिस्थितीत मांडणी कशी करावी?

काना-मात्रा

कोणते बदल नेहमी बरोबरीने होतात, यावरून रिपॉझिटरीची सीमा ठरवावी. तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवता येते: एकदा युनिकोड या अक्षर-संकेतांच्या प्रमाणातील स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, आणि एकदा साधा ‘र’, हलन्त व शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते निराळे शब्द आहेत आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एकरूप करत नाही. यादीसाठी यांपैकी एक रूप ठरवले, तर मजकुरातील दुसरे रूप ओळखून बदलण्याचे आणि जोडकापाशी शब्द न तोडण्याचे काम एक्स्टेन्शनच्या कोडला त्याच वेळी शिकवावे लागते. यादी आणि दोन्ही एक्स्टेन्शने एकाच रिपॉझिटरीत असतील, तर हा संपूर्ण बदल एका कमिटमध्ये (गिटमधील एका नोंदीत) जातो आणि एकाच चाचणीखाली तपासला जातो. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने 2019 साली सबव्हर्जन ही जुनी आवृत्ती-नोंद प्रणाली सोडून गिटहबवर येताना क्लँग, एलएलडी असे भाग एकाच रिपॉझिटरीत आणले, त्यामागेही हा विचार होता.

संकेतस्थळ वेगळेच राहू द्यावे. त्याचा यादीच्या आवृत्त्यांशी संबंध नाही.

स्कॅन केलेली पाने मात्र गिटमधून बाहेर काढावीत. गिटमध्ये एकदा घातलेली फाइल पुढे काढून टाकली तरी इतिहासात राहते आणि प्रत्येक नव्या क्लोनबरोबर (रिपॉझिटरीच्या पूर्ण प्रतीबरोबर) उतरवावी लागते. शिवाय 100 एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब स्वीकारतच नाही. ज्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क संपला आहे, म्हणजे भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे उलटली आहेत, ती इंटरनेट अर्काइव्हवर ठेवावीत आणि रिपॉझिटरीत शब्द, पुस्तक, पृष्ठ व दुवा यांचा तक्ता ठेवावा.

तिन्ही रिपॉझिटरी एकत्र करताना फाइली नुसत्या उचलून नव्या जागी टाकू नका. गिट फिल्टर-रेपो या साधनाने प्रत्येकीचा इतिहास आपापल्या उपफोल्डरात हलवून मग त्या जोडता येतात. शब्दकोशाच्या कामात हा इतिहास फार मोलाचा असतो, कारण अमुक शब्द ऱ्हस्व का ठेवला, यावर झालेला विचार त्या कमिटच्या संदेशातच सापडतो. यादी एका ओळीत एक शब्द अशी ठेवून युनिकोड क्रमाने लावावी. संगणकाच्या भाषा-सेटिंगनुसार क्रमवारी लावली तर दोन सहकाऱ्यांच्या यंत्रांवर क्रम वेगवेगळा येतो आणि काहीही न बदलता हजारो ओळी बदललेल्या दिसतात.

जुनी वही

होस्टिंग निवडताना, तेथून उद्या बाहेर पडावे लागले तर हाती काय उरेल, हा प्रश्न आधी विचारावा. गुगल कोड या होस्टिंग सेवेने मार्च 2015 मध्ये बंद होण्याची घोषणा केली आणि जानेवारी 2016 मध्ये ते बंद झाले. गिटोरियस 2015 मध्येच संपले. बिटबकेटने 2020 मध्ये मर्क्युरियल या गिटसारख्या प्रणालीचा आधार काढून घेतला. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे लोहित देवनागरी हा फाँट: तो फेडोरा होस्टेडवर होता, ती सेवा 2017 मध्ये बंद झाली आणि प्रकल्प पॅग्युअर या दुसऱ्या सेवेवर गेला. गिटच्या पूर्ण क्लोनमध्ये इतिहास असल्याने कोड सहसा सुरक्षित राहतो. इश्यू (त्रुटी व सूचनांच्या नोंदी), चर्चा आणि लोकांनी जागोजागी दिलेले दुवे मात्र मागे राहतात. म्हणून स्वतःचे डोमेन नाव घ्यावे आणि सर्वत्र तोच पत्ता छापावा.

तिघांच्या गटाने स्वतःचा सर्व्हर चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरक्षा-सुधारणा, बॅकअप, खोट्या नोंदण्या आणि क्रॉलरांचा (पाने आपोआप उतरवणाऱ्या प्रोग्रामांचा) भार यांत जाणारा वेळ तुमच्या शब्दयादीतूनच वजा होईल. कोडबर्ग ही बर्लिनमध्ये 2018 साली स्थापन झालेली ना-नफा संस्था फोर्जेयोवरच चालते, त्यामुळे पुढे स्वतःचा सर्व्हर घ्यावासा वाटला तरी वाट खुली राहते. फोर्जेयोच्या स्थलांतर-सुविधेने गिटहबवरील इश्यू, लेबले आणि प्रकाशित आवृत्त्याही आणता येतात. गिटहबचा मोठा फायदा म्हणजे तेथे आधीपासून असलेले असंख्य प्रोग्रामर. तुमचे योगदानकर्ते ते नाहीतच. विंडोज आणि मॅकवर आपोआप चाचण्या चालवायच्या असतील तर गिटहब सोयीचे आहे, परंतु शब्दयादीसाठी लिनक्सवरील चाचणी पुरते. मी मुख्य रिपॉझिटरी कोडबर्गवर ठेवीन आणि गिटहबवर तिची आपोआप अद्ययावत होणारी प्रत ठेवून तेथील इश्यू बंद करीन.

कुठेही राहा, पण वैयक्तिक खात्यावरून आजच बाहेर पडा आणि संस्था-खात्याला (गटाच्या सामायिक खात्याला) किमान दोन मालक ठेवा. माझ्या एका जुन्या प्रकल्पात एकमेव मालकाचा फोन हरवला, लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्याचे संकेतांक त्याच फोनवर होते, आणि आम्हाला सर्व इश्यू सोडून नव्या जागी सुरुवात करावी लागली.

शब्दसंग्राहक

दोघांचेही आभार. यादी व दोन्ही एक्स्टेन्शने एकत्र आणतो आणि संस्था-खाते आज उघडतो. शिक्षकांनी सुचवलेल्या शब्दांचे काय करावे? त्यांना खाते उघडायला सांगणे मला पटत नाही.

काना-मात्रा

सांगू नका. गिटमध्ये बदलाचा लेखक आणि तो बदल नोंदवणारा यांची नावे स्वतंत्र रकान्यांत राहतात. ई-मेलने आलेला शब्द तुम्ही नोंदवावा आणि लेखक म्हणून त्या शिक्षकांचे नाव द्यावे. प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र कमिट केला की स्वीकारलेल्या कमिटचा दुवा त्यांना उत्तरादाखल पाठवता येतो. आपला शब्द कुठे गेला हे त्यांना त्यातून कळते. मात्र कमिटमधील नाव व ई-मेल कायमचे आणि सर्वांना दिसणारे असते, तेव्हा आधी त्यांची परवानगी घ्यावी, आणि ई-मेलच्या जागी प्रकल्पाच्या डोमेनवरील पत्ता वापरावा.