डिजिटल चित्रकलेच्या तासाला मुलांच्या कामाची प्रक्रिया कशी नोंदवावी?

प्रश्न (कलाशिक्षिका, इयत्ता आठवी)

आमच्या शाळेत बारा संगणकांवर चाळीस मुले आळीपाळीने क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रे काढतात आणि शेवटी पीएनजी फाईल जमा करतात. मागच्या सत्रात एका मुलीने जात्यावर दळणाऱ्या आजीचे चित्र दिले. ते इतके सफाईदार होते की ते तिचे स्वतःचे नसावे, अशी शंका मी बोलून दाखवली. तिने मूळ फाईल उघडून दाखवली, तेव्हा खुंटा धरलेल्या हाताचे सहा वेगवेगळे प्रयत्न लपवलेल्या लेअरमध्ये, म्हणजे चित्राच्या एकावर एक असलेल्या थरांमध्ये, तसेच राहिलेले मला दिसले. त्या शंकेची मला आजही खंत वाटते. ही खटपट मला प्रत्येक मुलाच्या कामात पाहायची आहे, मात्र चित्र घडताना ठरावीक वेळाने त्याची टिपणे घेणारा क्रिटाचा रेकॉर्डर सतत चालू ठेवला की संगणकाची जागा भरून जाते. आपण काय करता?

उत्तर १

मॅडम, पीएनजीऐवजी क्रिटाची मूळ केआरए फाईलच जमा करून घ्या, कारण पीएनजीमध्ये सगळे लेअर एकत्र मिसळून जातात. मुलांना लेअर पुसू देऊ नका, नुसते लपवायला सांगा आणि त्यांना ‘हात दुसरा’, ‘उजेड डावीकडून’ अशी मराठी नावे द्यायला लावा. फाईल बंद केली की अनडूचा, म्हणजे एकेक पायरी मागे जाण्याचा, इतिहास उरत नाही, म्हणून तास संपताना कंट्रोल, आल्ट आणि एस ही बटणे एकत्र दाबून नवी आवृत्ती जतन करण्याची सवय लावावी; जुनी फाईल जागेवर राहते आणि नावापुढचा क्रमांक वाढतो. रेकॉर्डर हवाच असेल तर दोन टिपणांमधला वेळ वाढवा आणि रिझोल्यूशन कमी करा.

उत्तर २

वरील सूचना उपयुक्त आहेत, पण फाईल फक्त काय बदलले ते सांगते, का बदलले ते सांगत नाही. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत कागदावर खोडलेली पेन्सिलची रेष पुसटशी का होईना दिसते आणि शिक्षक तिच्यावर बोट ठेवून मुलाशी बोलू शकतो. पडद्यावर ती रेष मागमूस न ठेवता जाते. त्यामुळे मी तासाच्या शेवटची पाच मिनिटे राखून ठेवतो आणि ‘आज काय बदलले आणि का?’ एवढेच वहीत लिहून घेतो. ज्याला लिहिणे जड जाते, त्याच्याकडून तोंडी ऐकून मी स्वतः दोन ओळी टिपतो, कारण या नोंदीत शुद्धलेखन तपासायचे नसते.

उत्तर ३

माझा एक आग्रह आहे. या नोंदींना वेगळे गुण ठेवू नयेत. आमच्याकडे ते ठेवले, तेव्हा काही मुलांनी चित्र पूर्ण झाल्यावर मागाहून मुद्दाम कच्ची रेखाटने तयार करून जोडली, आणि एका बैठकीत थेट रंगाने सुरुवात करणारा, खरोखर विचारी मुलगा मागे पडला. नोंद गप्पांना आधार म्हणून ठेवावी, पुरावा म्हणून नव्हे.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सोमवारपासून केआरए फाईल आणि वहीतील दोन ओळी, एवढ्यावरच सुरुवात करते. गुण चित्रालाच देईन. त्या मुलीची परवानगी मिळाली, तर तिचे सहाही हात पहिल्याच तासाला वर्गाला दाखवणार आहे.